तान्ह्या पोळ्यातली लाल मोटर

सौद्यात मुदत ठरली की ठरली. मी वाशीमच्या कापसाच्या जिनात सरकीची पोती वाहिली, मग जिनाबाहेर फेकलेले नट-बोल्ट निवडून विकले, मग मोडकी इंजिनं घेऊन ती चालू करून विकू लागलो, आणि शेवटी ठेसनाच्या रस्त्यावर पक्क्या विटांचं दुकान आणि दुकानामागे घर बांधलं. हे करताना पुष्कळांशी भांडलो. काहींशी अजूनही बोलत नाही. पण ठरलेली मुदत मी कधी मोडली नाही, आणि कुणाला मोडू दिली नाही. ती माझ्याशी एकाच माणसाने मोडली, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा भाऊ.

बायको बाळंतपणाला रिसोडला माहेरी गेली ती परत आली नाही. पोरगा वाचला. तिच्या भावजयीचं स्वतःचं तान्हं त्याच पावसाळ्यात गेलं होतं. तिला दूध होतं, तिने माझ्या पोराला पदराखाली घेतलं. तो जगला तिच्यामुळे, हे मी कधीच नाकारलं नाही. पण त्या वेळी माझ्या साळ्याने ओसरीवर माझ्यासमोर बसून शब्द दिला होता, की पोरगा भाकर खाऊ लागला की घेऊन जा. तो भाकर खाऊ लागला तेव्हा साळा म्हणाला, जरा पायाने चालू द्या. चालू लागला तेव्हा म्हणाला, गोवर निघून जाऊ द्या. गोवरही निघून गेला. मग त्याने कारण सांगणंच सोडून दिलं. मी गेलो की पाटावर बसवून जेवू घालायचा आणि कपाशीच्या भावाबद्दल बोलायचा.

घरी माझी विधवा बहीण होती. तिने पोरासाठी गोधडी शिवून ठेवली होती. ती गोधडी पोराला आखूड होईल, म्हणून तिने पुढे दुसरी शिवली. तेव्हा मी रिसोडला जाऊन अंगणात उभा राहिलो आणि आवाज चढवला. शेजारपाजारचे गोळा झाले. साळा हळू बोलणारा माणूस. तो जितका हळू बोले तितकं माझं डोकं तापे.

"भाऊजी," तो म्हणाला, "कायले वरडता? पोयाले या. पोट्ट्याले इचारा. तो हो म्हनला, तं त्याच्या कपड्याचं गाठोडं मी सोता सर्व्हिसच्या मोटरीपावतर आनून देतो."

"आन् नाई म्हटलं त?"

"तुमचा पोरगा हाय. कायले नाई म्हनीन?"

ही त्याची चाल मला तिथेच कळली. मी भल्याभल्यांशी सौदे केले, पण समोरच्याला काय हवं ते मला आधी ठाऊक असायचं. इथे त्याने मला अशा गिऱ्हाइकासमोर उभं केलं, ज्याला काय हवं याचा मला पत्ता नव्हता. पोरगा मला ओळखायचा तो 'वाशीमवाले बाबा' म्हणून. मी गेलो की मामीच्या लुगड्यामागून एक डोळा दाखवायचा. मामीला तो 'माय' म्हणायचा. इतक्या वर्षांत त्याने आपणहून मला एकच प्रश्न विचारला होता: "तुमी मोटरीत बसून आले?" मी हो म्हणालो तेव्हा तो लुगड्यामागून पूर्ण बाहेर आला होता.

तेवढ्या एका प्रश्नावर मी सगळा सौदा लावला.

त्या उन्हाळ्यात एका जिनाचा मॅनेजर मुंबईला निघाला, आणि त्याच्या बंगल्यातलं सामान विकायचं काम मुनीमाकडे आलं. मी गेलो होतो ते लोखंडी कपाटासाठी. मुनीम कपाटाबरोबर भिंतीवरचं घड्याळही माझ्या गळ्यात बांधू पाहत होता.

"बंद हाय ते," मी म्हणालो.

"टोले देते ना बराबर."

"येळ सांगत नाई आन् टोले देते. असं घड्याय त् आमच्या घरी हाय, माही बहीन."

मुनीम हसला, आणि हसणारा मुनीम म्हणजे अर्धा जिंकलेला सौदा. कोपऱ्यात पुठ्ठ्याचं एक खोकं पडलं होतं. झाकणावर लाल रंगाच्या, बिनछपराच्या, बुटक्या मोटरीचं चित्र होतं. शर्यतीत पळवतात तशी. आत मोटरीचे सुटे भाग होते, जोडून मोटर करायची. मॅनेजरच्या मुलासाठी कुणीतरी विलायतेहून आणलेलं, पण त्याने उघडूनही पाहिलं नव्हतं. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. कपाटावरून बराच वेळ भांडलो, दोनदा उठून दारापर्यंत गेलो, आणि दुसऱ्यांदा परत आलो तेव्हा ते बंद घड्याळ आणि ते खोकं, दोन्ही वरताळा म्हणून फुकटात काढून घेतले. मुनीमाला वाटलं की त्याने मला अडगळ दिली.

खोक्यात हलक्या लाकडाचं अंग होतं, दोन फाळक्यांत. पत्र्याचे मडगार्ड, काचेसारखी पारदर्शक पट्टी, रबराची चार चाकं, आणि तेलकट कागदात गुंडाळलेली काडेपेटीएवढं किल्लीचं इंजिन. मला इंग्रजी येत नाही, पण चित्रं होती, आणि इंजिन जोडणाऱ्याला चित्र पुरतं. दुकान बंद केल्यावर मागच्या पडवीत बसून मी ती जोडली. पुरी झाली तेव्हा दीड वीत लांब, पुढून निमुळती, आत दोन बैठका आणि अंगठीएवढं सुकाणू. फार सुंदर दिसत होती. बहिणीने पोळ्या लाटता लाटता मान वळवून पाहिली.

"मी पोट्ट्याची वाट पाहून राह्यली, आन् तू भावल्या खेळून राह्यला."

मी किल्ली दिली आणि मोटर खाली सोडली. पडवीत शहाबादी फरशी होती. मोटर अशी सुटली की बहिणीने पाय वर घेतले. भिंतीला आपटून उलटली. मी खूश झालो. मग ती अंगणात नेली. सारवलेल्या जमिनीवर ती थरथरली, एक हात पुढे गेली आणि उभी राहिली. चाकं फिरत होती, मोटर जागची हलत नव्हती. ती साहेबाच्या गुळगुळीत फरशीसाठी बनवलेली होती. रिसोडला साळ्याच्या घरात फरशी नव्हती, ओसरीपासून गोठ्यापर्यंत सगळी माती.

आणि दिवस पोळ्याचे येणार होते. आमच्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा भरतो. चाकांवर बसवलेले लाकडी बैल पोरं दोरीने ओढत नेतात, तोरणाखाली रांगेत उभे करतात, आणि तोरण तुटलं की घरोघर फिरून मोठ्या माणसांकडून बोजारा, म्हणजे ओवाळणी मागतात. मी सालदाराचा मुलगा. मला कधी लाकडी बैल मिळाला नाही. मी मातीचा करायचो आणि तो तोरणापर्यंत जाताना तुटायचा. मी ठरवलं, या वर्षी त्या रांगेत सगळ्यांचे बैल दोरीने ओढले जातील आणि माझ्या पोराची मोटर आपली आपण चालेल. तीही शर्यतीच्या मोटरीसारखी सुसाट नाही, तर बैलाच्या चालीने, रांग न मोडता. मग पोरगा माझ्याकडे कसा पाहील, ते मला डोळ्यांपुढे दिसत होतं.

म्हणजे इंजिन बदलायचं. जोर जास्त, वेग कमी.

ते बंद घड्याळ तेव्हा कामाला आलं. टोल्यांच्या घड्याळात दोन स्प्रिंगा असतात. एक काटे चालवते, दुसरी टोले देते. माझ्या घड्याळाची काट्यांची बाजू गंजून गेली होती, टोल्यांची जिवंत होती. टोल्यांच्या बाजूला पत्र्याची एक लहानशी पंखी असते. ती गरगर फिरते आणि हवेवर अडते, म्हणून टोले एका चालीत पडतात, भराभर पडत नाहीत. मला तेच हवं होतं. आतला पितळी सांगाडा करवतीने अर्धा कापला, टोल्यांची अर्धी बाजू घेतली, हातोडी काढून टाकली, आणि शेवटच्या दातेरी चाकांतलं एक मागच्या आसाला जोडलं. आस वजनाने वाकला, म्हणून तो काढून सायकलची जाड तार घातली. चाकांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या, मातीत पकड यावी म्हणून.

खरी पंचाईत जागेची होती. मूळ इंजिन काडेपेटीएवढं, आणि हे यंत्र मुठीएवढं. पटाशीने लाकूड कोरत गेलो. बैठका गेल्या, सुकाणू गेलं, चालवणाऱ्याची जागाच राहिली नाही. तरी यंत्र वर आलंच. शेवटी रॉकेलच्या डब्याचा पत्रा ठोकून त्यावर टोपण केलं, कथलाचा डाग देऊन बसवलं आणि लाल रंगवलं. एवढी देखणी मोटर, आणि तिच्या पाठीवर टेंगूळ. मला ते खुपत होतं. दोनदा काढून पुन्हा ठोकलं, तरी टेंगूळ ते टेंगूळच.

चाल पाहायला मी ती दुकानासमोर रस्त्याच्या कडेला सोडली. बाजाराच्या दिवशी बैलगाड्या जात होत्या. एका गाडीच्या बैलांच्या बरोबरीने ती टिकटिक करत चालली. किती तरी वेळ बरोबरीने चालली. गाडीवाला खाली वाकून म्हणाला, "शेठ, माह्या जोडीसंगं जुपता का हे? वैरन त् लागत नसन."

"तुह्या बैलाइतकी खात नाई आन् तुह्याइतकी बोलत नाई," मी म्हणालो. त्या दिवशी मला कशाचाच राग आला नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम केली, आणि आजही मला ती हुशारीचीच वाटते. घड्याळाची ती दोन पंखांची किल्ली मी मोटरीला बांधली नाही. किल्ली माझ्याकडे ठेवायची. मोटर पोराला द्यायची, पण किल्ली वाशीमला आल्यावर. मोटर चालायला हवी असेल तर किल्लीमागून यावं लागेल. माल हातात दिला तरी दोर आपल्या हातात हवा, हे मी धंद्यात शिकलो होतो.

पोळ्याच्या आदल्या दुपारी मी रिसोडला उतरलो. रस्ता चिखलाचा, सर्व्हिसची मोटर दोनदा रुतली, मी खोकं मांडीवर धरून बसलो होतो. घरी पोचलो तेव्हा खांदेमळणीची तयारी चालली होती. त्या संध्याकाळी बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकतात, वर्षभर जू ओढून कातडी जाड झालेली असते, तिथे लोणी आणि हळद चोळतात, आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. साळा जोडीच्या पुढ्यात बसून पळसाच्या पानाने लोणी चोळत होता. पोरगा वाटी धरून उभा होता. मी खोकं उघडलं.

त्याने वाटी खाली ठेवली. लुगडं शोधलं नाही, मामी जवळ नव्हतीच. सरळ आला आणि मोटरीजवळ उकिडवा बसला. चाकांना हात लावला नाही, पुढच्या निमुळत्या तोंडाकडेही पाहिलं नाही. माझ्या त्या टेंगळावर तळहात ठेवला.

"याले वशिंड हाय," तो म्हणाला.

"वशिंड नोय रे, इंजिन हाय ते."

"इंजिन म्हंजे?"

"जोर असते त्यात."

"वशिंडातच जोर असते. मामा म्हंते."

साळ्याने मान वर केली नाही, पण तो हसला हे मला दिसलं. मी किल्ली दिली. मोटर अंगणातून निघाली, टिकटिक करत, बैलाच्या चालीने. खऱ्या बैलांनी कान टवकारले. पोरगा तिच्या शेजारी वाकून, टेंगळावर हात ठेवून, गोठ्यापर्यंत चालत गेला. ती थांबली तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, लपून नाही, समोरून.

"आनखीन चालवा, बाबा."

नुसतं 'बाबा' म्हणाला, 'वाशीमवाले' नाही. मी पुन्हा किल्ली दिली, आणि पुन्हा. अंधारून आलं तेव्हा किल्ली काढून बंडीच्या आतल्या खिशात टाकली. वहिनी, पोराची मामी, दारात उभी होती.

"किल्ली द्या न त्याले, भाऊजी. सकाउन खेळीन."

"किल्ली माह्यापाशी राहीन. वाशीमले आला की त्याचीच हाय."

ती "लय हुशार हा तुमी" एवढं म्हणून आत गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उत्तर दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळा म्हणाला, चला नाल्यावर, बैल धुवाले. मला एका शेतकऱ्याकडचं ऑइल इंजिन पाहायचं होतं. तो बरेच दिवस नरमत नव्हता, आणि सणाच्या दिवशी माणूस नरमतो. मी तिकडे गेलो. सौदा झाला, चांगला झाला. परत आलो तेव्हा दुपार कलली होती, बैल सजून उभे होते, शिंगांना लाल हिंगूळ, पाठीवर झूल. त्यांच्या शेजारी जमिनीत एक लहान खुंटी ठोकलेली होती, आणि खुंटीला सुतळीने माझी लाल मोटर बांधलेली होती.

ती ओली होती. मडगार्डांना बेगड चिकटवलेली होती. टेंगळावर हळद आणि लोण्याचा जाड थर होता, वितळून फटीतून आत उतरत होता. पुढे, जिथे इंजिनला हवा जाण्यासाठी जाळी असते असं दाखवलं होतं, त्या फटीत पुरणपोळी कोंबलेली होती. पोरगा तिच्याजवळ बसला होता, स्वच्छ अंघोळ केलेला, नवा सदरा घातलेला.

"जेवला तो," त्याने मला सांगितलं. "पयले जेवतच नोता. मंग मी भरवलं."

"कोनी धुतली हे?"

"मी. नाल्यावर. बैलाईसंगं. मामानं पाठ घासून देली."

मी साळ्याकडे वळलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. त्याने ऐकून घेतलं.

"पोयाच्या दिवशी बैल धुतेतच, भाऊजी. पोट्ट्यानं आपला बैल धुतला. मी कायले आडवू?"

"लोखंड हाय ते! यंत्र हाय! पानी लागलं की खलास, हे तुले समजत नाई? कुऱ्हाडीले धार लावतो, पानी पुसून ठेवतो का नाई?"

"मले काय ठाव आत काय हाय. किल्ली त् तुमच्या खिशात."

त्याला ठाऊक होतं. मी आजही हेच म्हणेन. शेतकरी माणूस, मोटेच्या चाकाला तेल घालणारा, त्याला लोखंडाला पाणी लागलं तर काय होतं हे कळत नाही असं कोण मानेल? त्याने मोटर नाल्यात जाऊ दिली, आणि मी ती धुऊ दिली नसती हेही त्याला ठाऊक होतं. पण हे मी कुठे सिद्ध करणार? पोर आनंदात होतं. त्याच्या आनंदाविरुद्ध मी काय तक्रार करणार होतो?

मी खाली बसलो, सुतळी सोडली, पुरण नखाने उकरलं. रॉकेलमध्ये बुडवून, भाग सुटे करून, पुसून कोरडे केले असते तर कदाचित जमलं असतं. पण हत्यारं वाशीमला, आणि साळा माझ्या डोक्यावर उभा. मला त्याला त्याच क्षणी दाखवायचं होतं की मोटर चालते. मी किल्ली काढली. पोराने माझं मनगट धरलं.

"आज नका चालवू, बाबा."

"काहून?"

"आज पोया हाय. आज बैलाले जुपत नाई."

त्याचा हात लहान होता आणि लोण्याने चिकट होता. मी तो बाजूला केला. किल्ली घातली. ती फिरेना. स्प्रिंगेच्या घरात वाळू गेली असावी, दात्यांत पुरण होतं. मी जोर लावला, मग आणखी जोर लावला, आणि आत 'टण्' असा एक आवाज झाला. मी हातोडी काढली होती, तरी घड्याळाने टोला दिला असं वाटलं. किल्ली हातात सैल फिरू लागली. स्प्रिंग तुटली होती.

पोरगा उठला आणि मामीकडे गेला. रडला नाही. लुगड्यामागून त्याने एका डोळ्याने मोटरीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

"मेला का?" त्याने तिला विचारलं.

"नाई रे माह्या राजा," ती म्हणाली. "थकला तो. बैल थकत नाई का?"

मोठ्या पोळ्याला मी गेलो नाही. ओसरीवर बसून राहिलो. तुटलेल्या स्प्रिंगेचं काय करता येईल याचा विचार करत होतो. तुकडा वाकवून पुन्हा अडकवता आला असता, पण त्यासाठी तापवावी लागते, आणि भट्टी नव्हती. जे करायला हवं होतं ते सगळं मला येत होतं. करायला काहीच हाती नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरगा मोटर घेऊन निघाला. सुतळी बांधून, ओढत. रांगेत लाकडी बैल होते, लहान, मोठे, एक तर गाईच्या वासराएवढा, पाटलाच्या घरचा. त्यांच्यात ती लाल, बुटकी, पाठीवर वशिंड असलेली. मला वाटलं, तिला रांगेतून काढतील. मी तसं कुणी केलं तर भांडायची तयारी करूनच गेलो होतो. कुणी काढलं नाही. पोळ्यात एकमेकांना टोमणे मारणाऱ्या झडत्या म्हणायची रीत आहे. एक म्हातारा पुढे आला आणि हात उंचावून म्हणाला,

"वाशीमचा गोऱ्हा, त्याले चाकं चार,
चरत नाई, पीत नाई, फुगला फार;
शिंगाबिगर आला पोयाच्या थाटी,
याच्या शेनाच्या गोवऱ्या कोन थापीन पाटी?"

सगळे हसले. पोरगाही हसला, मान ताठ करून. त्याच्या बैलावर झडती झाली होती, म्हणजे तो बैल होता. तोरण तुटलं आणि रांग हलली. ट्यूबच्या पट्ट्यांनी मातीत चांगली पकड घेतली होती, त्यामुळे मोटर कुठेही न घसरता, न उलटता त्याच्या मागे चालली. बैलाच्याच चालीने चालली. ती चाल मी तिला द्यायला किती खटपट केली होती, आणि ती एका सुतळीने दिली.

दुपारी पोरं बोजारा मागत फिरली. मी ओसरीवर साळ्याजवळ बसलो होतो. पोरगा शेजारची घरं करून आमच्या दारी आला. मामाच्या पाया पडला, हात पुढे केला, मामाने काहीतरी ठेवलं. मग तो माझ्यापुढे आला, तसाच वाकला, तसाच हात पुढे केला.

"पाव्हने, बोजारा."

साळा हळूच म्हणाला, "बाबा म्हन." पोरगा "बाबा, बोजारा" म्हणाला. तो त्यात कमीजास्त काही समजला नाही.

"इचारा त्याले, भाऊजी," साळा म्हणाला. "मी शब्द देला होता."

तेव्हाच विचारायला हवं होतं. त्याआधीही हवं होतं, परवा संध्याकाळी, मोटर चालत होती तेव्हा. मी विचारलं.

"येतो का वाशीमले? माह्यासंगं? तिथं आत्या हाय. तुह्यासाठी गोधडी शिवून ठेवली तिनं."

त्याने खरोखर विचार केला. मोटरीकडे पाहिलं.

"तुमच्या घरी गोठा हाय?"

"नाई."

"मंग याले कोठी बांधू?"

मी आयुष्यभर उत्तरं देत आलो. बांधतो म्हणायला काय लागलं असतं? दुकानामागे जागा होती, चार बांबू आणि पत्रे, उद्याच्या उद्या गोठा उभा केला असता. पक्क्या विटा, लोखंडी गज, शहाबादी फरशी, हे सगळं मी त्याच्यासाठीच बांधलं होतं, आणि त्यात खुंटी ठोकायला वीतभर माती ठेवली नव्हती. तो अजून हात पुढे करून उभा होता. बोजारा घेतल्याशिवाय त्याला जाता येत नव्हतं.

मी खिशात हात घातला. नाण्याबरोबर किल्लीही हातात आली. त्याने नाणं घेतलं, मग किल्लीकडे बोट केलं.

"हेबी द्या."

"आता चालत नाई तो किल्लीनं."

"चालाले नाई." त्याने ती घेतली, खाली बसला, आणि मोटरीच्या पुढे, सुतळी बांधली होती तिथेच, किल्ली अडकवली. मोटर ओढली की किल्ली पत्र्यावर आपटून वाजत होती. बैलाच्या गळ्यातल्या घाटीसारखी. तो आवाज ऐकत ऐकत तो पुढच्या दारी गेला, मागे न पाहता, कारण अजून बरीच घरं राहिली होती.

सर्व्हिस सुटायची वेळ झाली तेव्हा साळा मला पोचवायला आला. त्याच्या काखेत गाठोडं होतं. ते पाहून मी त्याच्या मागे रस्त्यावर पोराला शोधलं. मी मोटरीत बसलो, त्याने ते खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवलं. ते गरम होतं.

"पुरनाच्या पोया हायत," तो म्हणाला. "आक्काले द्या. तुमची वहिनी म्हने, पोट्ट्याची आत्या हाय, तिले पोयाचं गोड पोचलं पायजे."

मी ते घेतलं. दोष त्याचा होता, हे मी तेव्हाही समजत होतो आणि अजूनही समजतो. मुदत त्याने मोडली, मोटर त्याने नाल्यात जाऊ दिली. पण सर्व्हिस सुटेपर्यंत तो खिडकीशी उभा होता, आणि त्याने पुढची मुदत काही सांगितली नाही, आणि मी मागितली नाही.